तुम्ही विचारलंत म्हणून: विमानांच्या फोटोंसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा मुलगा यंदा नोकरीला लागला. पहिले चार पगार बाजूला ठेवून तो वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. वडील म्हणाले, "ताई, हा म्हणतो सहाशे मिलिमीटरची लांब लेन्स घेणार. दुकानदारही तेच म्हणतो. तुम्ही इतकी वर्षं गच्चीवरून विमानं टिपताय, तुम्हीच सांगा." हाच प्रश्न शाळेतले सहकारी विचारतात, भाचे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले लोकही विचारतात. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून मी "घरी या, चहा घेऊ" म्हणते आणि ते राहून जातं. आज बसून सगळं लिहिते.

कॅमेऱ्याचं नाव घेण्याआधी मला एक सांगा: तुम्ही उभे कुठे राहणार आहात?

मी घाटकोपर पश्चिमेला राहते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीला पूर्वेकडून उतरताना '२७' म्हणतात, कारण उतरणाऱ्या विमानाचं तोंड २७० अंशांवर, म्हणजे पश्चिमेला असतं. वारा बहुतेक दिवस समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. त्यामुळे ठाण्याच्या बाजूने वळून आलेली विमानं घाटकोपरच्या डोक्यावरून जातात. उतरण्याचा कोन तीन अंशांचा. आमच्यापासून धावपट्टीचं टोक जेमतेम तीन किलोमीटर, म्हणजे विमान इथे साधारण दीडशे मीटर उंचीवर असतं. गच्चीपासून त्याचं तिरकं अंतर धरलं तर जवळात जवळ चारशे मीटर.

आता एक गणित. सातवीच्या मुलांनाही जमतं, मी वर्गात करून घेतलेलं आहे. लेन्सचा मिलिमीटरचा आकडा घ्या, त्याला विमानाच्या मीटरमधल्या लांबीने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा. जे उत्तर येईल तेवढे मिलिमीटर लांब विमान सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, उमटेल. एअरबस ए ३२० सुमारे ३७.६ मीटर लांब आहे. चारशे मीटरवरून २५० मिलिमीटरची लेन्स लावली तर उत्तर येतं २३.५. निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरची, रुंदी जवळजवळ तेवढीच असते, कॅननची थोडी कमी. म्हणजे २५० वर विमान नाकापासून शेपटीपर्यंत फ्रेममध्ये ठासून बसलं, आजूबाजूला आकाशही उरलं नाही. दोनशेवर आणलं की ते मोकळा श्वास घेतं. बोइंग ७७७-३०० ईआर जवळपास ७४ मीटर लांब, तिला शंभरही पुरतात. आणि सहाशे? सहाशेवर ए ३२० ची प्रतिमा ५६ मिलिमीटर होते. फुल फ्रेम म्हणजे मोठा सेन्सरही ३६ मिलिमीटरच रुंद असतो. पुढचं चाक, कॉकपिटच्या खिडक्या आणि इंजिनाचा काठ एवढंच हाती येतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने हे गणित कागदावर तीनदा केलं. मग वडिलांकडे पाहिलं.

तरी तो म्हणाला, "पण मावशी, लांबची विमानंही घेता येतील ना?" हाच विचार करून मीही एकदा सहाशेची झूम घेतली होती, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

लेन्स आली तेव्हा मार्च महिना होता. रविवारी अकरा वाजता गच्चीवर गेले आणि विक्रोळीच्या बाजूने येणारी विमानं तीन-चार किलोमीटरवर असतानाच टिपायला लागले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर एकही फोटो धड नाही. खिडक्यांच्या रांगा लाटेसारख्या हललेल्या, अक्षरं पाण्याखाली असावीत तशी. मला वाटलं माझा हात हलला. पुढच्या रविवारी शटर स्पीड १/२००० केला, म्हणजे शटर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागापुरतंच उघडं, तरी तेच. मग वाटलं लेन्समध्ये दोष आहे. दुरुस्तीवाल्याकडे दिली, आठ दिवसांनी त्यांनी ठणठणीत म्हणून परत केली. मी दुकानाशी भांडायच्या तयारीत होते. जुलैमध्ये एका सकाळी मोठी सर येऊन गेली, ढग फाटले आणि पंधरा मिनिटं स्वच्छ ऊन पडलं. तीच लेन्स, तोच कॅमेरा, तीच गच्ची. शेपटीवरची रजिस्ट्रेशनची अक्षरं सोडाच, चाकाच्या दांड्यावरचे बोल्ट मोजता आले.

दोष मधल्या हवेत होता. आमच्या गच्चीसमोर उतारावर पत्र्यांची छपरं आहेत. दहा वाजले की ती तापतात, त्यांच्यावरची हवा गरम होऊन वर सरकते आणि गार हवेत मिसळते. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो. डांबरी रस्त्यावर दुपारी झळा दिसतात त्याच या. लेन्स जितकी लांब, तितक्या त्या झळाही मोठ्या होऊन येतात. यावर कुठल्याही कंपनीकडे काच नाही. दहा लाखांची लेन्स लावलीत तरी मधली तीन किलोमीटर तापलेली हवा तशीच राहणार. म्हणून मी म्हणते, पहिली लेन्स हवा असते, दुसरी तुम्ही विकत घेता.

हे कळल्यावर माझं वेळापत्रकच बदललं. विमान वर आकाशात असेल तर आपण तापलेल्या थराच्या थोड्याच भागातून पाहतो, म्हणून डोक्यावरचं विमान दुपारीही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. क्षितिजाजवळचं मात्र येत नाही. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंतचा वेळ चांगला, पण डिसेंबर-जानेवारीत मुंबईवर धुरकं बसलेलं असतं आणि सकाळचा प्रकाश मळका होतो. सगळ्यात उत्तम हवा पावसाळ्यातल्या उघडिपीची आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीची. धूळ धुऊन गेलेली, जमीन ओली, पत्रे गार. शिवाय पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका असतो की उतरणाऱ्या विमानाच्या पंखांवर दाब कमी होतो तिथे पांढरी वाफ उमटते, पंखांमागच्या फ्लॅपच्या (खाली झुकणाऱ्या पट्ट्यांच्या) टोकांपासून दोऱ्यासारख्या रेघा निघतात. त्या पाहण्यासाठी मी छत्री धरून उभी राहिलेली आहे.

उन्हाची दिशाही पाहा. मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. विमानांच्या वाटेच्या दक्षिणेला उभे राहिलात तर ऊन तुमच्या पाठीशी आणि विमानाच्या अंगावर. उत्तरेला राहिलात तर काळी आकृती मिळेल. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारी थेट डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, तेव्हा विमानाचं पोट अंधारात जातं. त्या दिवसांत दुपारी गच्चीवर जाऊच नका.

तर लेन्स. माझं स्पष्ट मत असं की मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे प्रवासी विमानं अर्ध्या किलोमीटरच्या आत येतात, तिथे सुरुवात ७०-३०० किंवा ५५-२५० मिलिमीटरच्या झूमने करावी. कॅननची जुनी ५५-२५० एसटीएम पावणेचारशे ग्रॅमची आहे, खिशाला परवडते आणि चांगल्या उजेडात तिने काढलेला फोटो महागड्या लेन्सशेजारी ठेवायला मला संकोच वाटत नाही. वर्षभर ती वापरून झाली आणि हात बसला की १००-४०० घ्या. विमानांसाठी एकच लेन्स ठेवायची असेल तर मी १००-४०० ठेवीन. कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठीची आरएफ १००-४०० जेमतेम ६३५ ग्रॅम भरते. तिचं उजेड आत घेणारं छिद्र ४०० वर एफ/८ एवढं लहान आहे (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) म्हणून दुकानात तिला नाकं मुरडतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

याचं कारण सांगते, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. पक्ष्यांचे किंवा लग्नाचे फोटो काढणारे एफ/२.८ च्या लेन्स घेतात, कारण त्यांना अंधुक उजेडात काम करायचं असतं आणि मागचं दृश्य धूसर करायचं असतं. विमानाच्या मागे आकाश असतं, ते धूसर करून काय मिळणार? आणि आपण काम करतो भर उन्हात. स्वच्छ ऊन असेल तर एफ/८, शटर १/१००० आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) २५० या आकड्यांवर उजेड बरोबर बसतो. एफ/८ वर बहुतेक लेन्स सगळ्यात धारदार असतात. मोठ्या छिद्राचे जादा पैसे आणि जादा वजन विमानवाल्याने का उचलावं?

सहाशेची जागा आहे, पण ती वेगळी आहे. १२ ते १४ जानेवारी २०२४ ला हवाई दलाने मरीन ड्राइव्हवर कसरती केल्या, तिथे मी माझी मोठी झूम नेली होती. सूर्यकिरण पथकाची हॉक विमानं साडेबारा मीटर लांब, म्हणजे ए ३२० चा तिसरा हिस्सा, आणि ती समुद्रावर, किनाऱ्यापासून दूर उडतात. एक किलोमीटरवरच्या एका हॉकची प्रतिमा सहाशेवरही साडेसात मिलिमीटरचीच होते. तिथे ४०० अपुरे पडतात. खाली समुद्र असल्याने पत्र्यांसारख्या झळा नव्हत्या. बेंगळुरूच्या येलहंकाला दर दोन वर्षांनी एअरो इंडिया भरतं, तिथे जाणार असाल तरी सहाशे हवीच. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० या दोन्ही दोन किलोच्या आसपास आहेत आणि झूम करताना लांब होत नाहीत, त्यामुळे तोल बिघडत नाही. जुन्या निकॉनसाठीची २००-५०० सेकंडहँड मिळाली तर अजूनही सुरेख काम करते. फक्त एक गोष्ट दुकानात कळत नाही: मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर खेटून उभ्या असलेल्या गर्दीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. दोन किलो तासभर डोळ्याशी धरायचे. घेण्याआधी पाण्याच्या दोन लिटरच्या भरलेल्या बाटलीने घरी सराव करून पाहा, खरंच सांगते.

त्याच वर्षी २२ एप्रिलला एअर इंडियाचं शेवटचं बोइंग ७४७ मुंबईहून कायमचं गेलं, अमेरिकेला. त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि जुहूच्या किनाऱ्यावर गेले, कारण २७ वरून उडालेली विमानं तिथून समुद्रावर निघतात. मोठी लेन्स मी मुद्दाम घरी ठेवली होती. एप्रिलचं ऊन, तापलेली वाळू, आणि विमान ७० मीटरचं. लहान झूम १३५ च्या आसपास होती. ते वर आलं आणि निरोप म्हणून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला पंख कलते केले. दोन्ही पंख टोकापर्यंत फ्रेममध्ये आहेत. लहानपणी बाबांचा हात धरून ज्या कुबडवाल्या विमानाकडे बोट दाखवायचे, त्याचा माझ्याकडे असलेला शेवटचा फोटो तो.

आता बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. मी क्रॉप सेन्सरच्या बाजूची आहे. त्याच लेन्समध्ये विमान फ्रेमभर दिसतं, वजन कमी, पैसे कमी. निकॉन डी ५०० हा २०१६ चा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो, कॅनन ७ डी मार्क २ हा २०१४ चा, तोही दहा. दोन्ही आज सेकंडहँड मिळतात आणि विमानांसाठी यांहून फार काही लागतं असं मला वाटत नाही. नव्यात घ्यायचा असेल तर सोनी ए ६७००, कॅनन आर ७ किंवा निकॉन झेड ५०-२ पाहा. हल्लीच्या काही कॅमेऱ्यांना विमान ओळखून त्यावर फोकस धरता येतो. सोय छान आहे, पण तिच्यासाठी लाखभर जास्त मोजू नका. मोकळ्या आकाशातलं विमान म्हणजे कॅमेऱ्याला सगळ्यात सोपं लक्ष्य. जुन्या कॅमेऱ्यात सतत फोकसचा मोड लावा आणि मधला बिंदू कॉकपिटच्या खिडक्यांवर किंवा कंपनीच्या अक्षरांवर धरा. गुळगुळीत पांढऱ्या पोटावर धरलात तर तो चाचपडतो.

मिररलेस घेणाऱ्यांनी शटरकडे मात्र नीट लक्ष द्यावं. बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक सेन्सरवर वरून खाली ओळीओळीने प्रतिमा वाचतं. तेवढ्या वेळात पंखा फिरतो आणि पाती विळ्यासारखी वाकलेली येतात, कधी मधूनच तुटलेली. पंख्याचं विमान किंवा हेलिकॉप्टर असेल तर यांत्रिक शटर लावा. निकॉन झेड ८ सारख्या महागड्या कॅमेऱ्यात वाचन इतकं जलद आहे की हा त्रास फारसा उरत नाही, आणि सोनी ए ९-३ सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचतो. पण ते पैसे वेगळे.

पंख्याच्या विमानांबद्दल मला फार जिव्हाळा आहे, म्हणून इथे थोडं थांबते. एटीआर ७२ चा फोटो १/१००० वर काढलात तर सहाही पाती गोठून जातात आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. तिचा पंखा जास्तीत जास्त मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. सहा पाती असल्याने एका पात्याला पुढच्या पात्याच्या जागी पोचायला सेकंदाचा एकशेविसावा भाग लागतो. १/१२५ वर फोटो काढा, जवळजवळ पूर्ण चकती उमटते. मात्र एवढ्या सावकाश शटरला विमानाच्या वेगाने कॅमेरा फिरवता आला पाहिजे, नाहीतर चकती सुंदर आणि विमान फिसकटलेलं. १/२५० पासून सुरुवात करून हळूहळू खाली या. लेन्समध्ये पॅनिंगसाठीचा (विमानाबरोबर कॅमेरा फिरवण्यासाठीचा) स्थिरीकरणाचा मोड असेल तर तो लावा, पाय रोवून कंबरेतून वळा, फोटो निघाल्यावरही हात थांबवू नका. मी हा सराव लालबहादूर शास्त्री मार्गावर बेस्टच्या बसवर केला, दोन महिने. अजूनही १/१२५ वर वीसातले तीन-चारच हाती लागतात. हेलिकॉप्टरचं मोठं चक्र याहून कितीतरी सावकाश फिरतं, तिथे १/६० पर्यंत उतरावं लागतं.

पैसे उरले तर कशावर घालावे, असं त्या मुलाच्या वडिलांनी विचारलं. ड्राय कॅबिनेटवर. माझी पहिली झूम मी कापडी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. गणपतीत काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. काच साफ झाली, वरचा लेप गेला तो गेलाच. मुंबई असो, कोकण असो की गोवा, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवणारं लहान कपाट घ्या. ते जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आणि जेल निळं राहतंय ना ते बघत राहा. फोर्टात बोरा बाजारात सेकंडहँड लेन्स पाहायला गेलात तर मोबाइलचा टॉर्च मागून धरून आरपार बघा. धुळीचे दोन कण चालतील, जाळी दिसली की परत करा. आणि लेन्सच्या तोंडावर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा. लांब लेन्सवर तो फोटोची धार बोथट करतो. संरक्षणाला हूड पुरतं.

एक गोष्ट विनंती म्हणून नाही, ठामपणे सांगते. पुण्याचा लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, गोव्याचा दाबोळी नौदलाचा. तिथे कॅमेरा बाहेर काढायचा नाही. सरकारी विमानतळांवर परवानगीशिवाय फोटो काढण्यावर १९३७ च्या विमान नियमांपासून बंधन आहे. मुंबईतही कुंपणाला खेटून उभं राहू नका. मी रस्त्यावर असताना एकदा पोलिसांनी हटकलं होतं. मी ओळखपत्र दाखवलं, फोटो दाखवले, त्यांनी जायला सांगितलं आणि मी निघाले. गच्चीवर जातानाही सेक्रेटरींना आधी कळवते, कारण शेजाऱ्यांना आपल्या खिडकीकडे लांब नळी रोखलेली दिसली तर त्यांना काळजी वाटणारच.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने शेवटी सेकंडहँड क्रॉप बॉडी आणि ५५-२५० घेतली. निम्मे पैसे उरले, त्यातून कपाट आलं आणि आईसाठी साडीही. सहाशेची लेन्स त्याला हवी तेव्हा माझी आहेच, एअरो इंडियाला जाईल तेव्हा घेऊन जाईल. गेल्या रविवारी पाऊस थांबल्यावर त्याने सव्वासातला बेल वाजवली. आम्ही वर गेलो तेव्हा गच्ची ओली होती, पत्र्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि कुर्ल्याच्या पलीकडच्या इमारतींच्या खिडक्या एकेक दिसत होत्या. मी म्हटलं, "शटर १/१२५ कर, एटीआर येतंय."

"पहिल्याच दिवशी, मावशी?"

"हवा बघ ना कशी आहे."